आजोबांच्या डिस्चार्ज कागदावरचं ‘मिसिंग’

प्रश्न : माझं माहेर पाटण तालुक्यातलं. आजी वारल्यावर तिची लोखंडी ट्रंक उघडली, तर तळाशी फडक्यात बांधलेले आजोबांचे पलटणीतले कागद आणि तीन पदकं निघाली. कागद इंग्रजीत, अक्षर गिचमीड, निम्मे शब्द तोडून लिहिलेले. मला लागलं ते असं : ‘२/५ मराठा एल. आय.’, भरती बेळगाव १९३९. पुढे ‘एम. ई. एफ.’. मग ‘मिसिंग २१-६-४२’. त्याखाली वेगळ्या शाईत ‘पी. डब्ल्यू. इटली’. त्यानंतर एकदम ‘एक्स पी. डब्ल्यू., बेळगाव, ३-४४’. शेवटी १९४६ मध्ये ‘रिडक्शन ऑफ एस्टॅब्लिशमेंट’ म्हणून डिस्चार्ज, कॅरेक्टर ‘व्हेरी गुड’.

आजोबा मी चौथीत असताना गेले. थोरले काका म्हणतात, ‘मिसिंग’ म्हणजे ते लढाईतून पळाले होते. लहानपणी काकांना गावात तसे टोमणे ऐकावे लागले आहेत. आत्या म्हणते, ते सुभाषबाबूंच्या फौजेत गेले, म्हणून इंग्रजांनी काढून टाकलं. बर्फातल्या डोंगरात एका मेंढक्याच्या घरी लपून राहिल्याची गोष्टही ते तिला सांगायचे. आम्हाला वाटायचं, म्हातारपणी काश्मीरचं काहीतरी मिसळून सांगतायत. आता ग्रामपंचायत गावच्या सैनिकांच्या नावांचा फलक लावते आहे. आजोबांच्या नावापुढे काय लिहायचं यावरून काका आणि आत्या एकमेकांशी बोलायचे बंद झालेत. त्यात एक गृहस्थ सांगतात, ब्रिटिश सरकारकडे आजोबांचे पैसे अडकलेत, पंधरा हजार भरा, काढून देतो. यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं?

उत्तर : ताई, आधी काकांपुरतं बोलतो, कारण त्यांनी हे ओझं सर्वांत जास्त वर्षं वाहिलंय. तुमचे आजोबा पळाले नव्हते. पळून गेलेल्या शिपायाच्या नावापुढे पलटणीचा कारकून ‘मिसिंग’ लिहीत नसे. रजेशिवाय गैरहजर आणि नंतर ‘डेझर्टर’ हे त्याच्यासाठीचे शब्द होते, आणि ते लिहिताना कुणी मुलाहिजा ठेवत नसे. असा शेरा बसला की पगार थांबे आणि पदकांवरचा हक्क जाई. तुमच्याकडे पदकं आहेत, ‘व्हेरी गुड’ असा शेरा आहे, आणि पकडले गेल्यानंतरही चार वर्षं नोकरी चालू राहिलेली दिसते. पळपुट्याचा कागद असा दिसत नाही.

पण सगळ्यात बोलका पुरावा ती तारीखच आहे. २१ जून १९४२. त्या दिवशी सकाळी लिबियातलं तोब्रुक हे बंदर जर्मन आणि इटालियन फौजांच्या हाती पडलं. आत असलेल्या दक्षिण आफ्रिकन, ब्रिटिश आणि भारतीय मिळून सुमारे ३३ हजार सैनिकांना शत्रूने कैद केलं. बातमी आली तेव्हा चर्चिल वॉशिंग्टनमध्ये रूझवेल्ट यांच्याजवळ बसलेले होते. तिथल्या जर्मन सेनापती रोमेलला दुसऱ्याच दिवशी फील्ड मार्शल केलं गेलं. जगाच्या इतिहासात ही एवढी मोठी घटना. तुमच्या आजोबांच्या कागदावर तिची जागा अर्ध्या ओळीची.

आता त्यात मराठ्यांचा भाग कुठला, तर नेमका सुरुवातीचा. तोब्रुकभोवती खंदक, तारा आणि काँक्रीटच्या चौक्यांचं कडं होतं. त्याचा आग्नेय कोपरा ११ व्या भारतीय ब्रिगेडकडे होता, आणि त्या ब्रिगेडमध्ये कॅमेरून हायलँडर्स आणि ७ व्या गुरखा रायफल्सच्या दुसऱ्या पलटणीबरोबर २/५ मराठा होती. रोमेलने घाव घालायला निवडलेला भाग हाच. २० जूनच्या पहाटे स्टुका विमानांनी मराठ्यांच्या चौक्या भाजून काढल्या, मग तोफा, मग सुरुंग काढणारे, आणि सकाळीच रणगाडे आत. अशा दिवशी कोण मेलं, कोण जखमी होऊन पडलं आणि कोण हात वर करून उभं राहिलं, याची हजेरी घ्यायला कुणी मागे उरलेलं नसतं. म्हणून ज्यांची खबर नाही ते सगळेच कागदावर ‘मिसिंग’. पुढे रेडक्रॉसमार्फत शत्रूकडून कैद्यांच्या याद्या आल्या की त्याच नावाखाली दुसरी नोंद पडे. तुमच्या कागदावरची ‘वेगळी शाई’ ती हीच : ‘पी. डब्ल्यू.’ म्हणजे प्रिझनर ऑफ वॉर, युद्धकैदी; आणि पुढचं ‘एक्स पी. डब्ल्यू.’ म्हणजे कैदेतून परत आलेला. दोन नोंदींमध्ये कधी आठवडे जात, कधी महिने.

आणि या मधल्या काळात गावाकडे काय पोहोचे? घरी येई ती कळवणूक इंग्रजीत, ‘मिसिंग’ एवढाच शब्द घेऊन. तो कुणीतरी मास्तर किंवा पोस्टमन वाचून सांगणार : पोरगं सापडत नाही म्हणतात. सापडत नाही म्हणजे पळालं, हा अर्थ पारावर लागायला किती वेळ लागतो! नंतर कैदेची बातमी आली असेलही, पण पहिली बातमी जेवढ्या वेगाने फिरते तेवढ्या वेगाने दुरुस्ती फिरत नाही. काकांना ऐकावे लागलेले टोमणे बहुधा त्या पहिल्या बातमीचं व्याज होतं.

हा कागद वाचताना एक गोष्ट धरून ठेवा. तो आजोबांचं चरित्र सांगायला लिहिलेलाच नाही. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत कुठल्या दराने पगार द्यायचा, घरी किती रक्कम पाठवायची, माणूस मेला तर वारस कोण, यासाठी तो लिहिलाय. थोडक्यात ती खतावणी आहे. खतावणीत बैल विकल्याची रक्कम सापडते, बैल गेल्यावर घरात कोण जेवलं नाही ते सापडत नाही. त्यामुळे कागद जिथे गप्प आहे तिथे काहीतरी लपवलंय असं समजू नका. पगाराच्या दृष्टीने तिथे लिहिण्यासारखं काही नव्हतं, इतकंच.

‘२/५’ हा प्रकार अनेकांना बुचकळ्यात टाकतो. कुणी तो अपूर्णांक समजतं, कुणी तारीख. तेव्हा रेजिमेंटचं नाव ५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री असं होतं आणि २/५ म्हणजे तिची दुसरी पलटण. हा छेदाच्या वरचा आकडा फार मोलाचा आहे, कारण टोपीवरचं चिन्ह एकच असलं तरी प्रत्येक पलटणीचं महायुद्ध निराळं होतं. १/५ इटलीत लढली. ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीकाठी नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं ते याच पलटणीतून. ३/५ आधी इरिट्रियात केरेनच्या डोंगरात आणि मग इटलीत; रायगड जिल्ह्यातल्या माणगावकडचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या खोऱ्यात पडले ते या पलटणीत, तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. ४/५ मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या संगशाकला जपान्यांशी झुंजली. आणि ६/५ युद्ध संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबर १९४५ मध्ये, जावा बेटावरच्या सुराबाया शहरात इंडोनेशियन स्वातंत्र्यसैनिकांशी लढत होती. तिथल्या गल्ल्यांत मराठी पोरं कशासाठी मेली, हा प्रश्न आपण अजून नीट विचारलेलाच नाही. पण तो आजचा विषय नव्हे. सांगायचं ते हे की ‘आजोबा मराठा रेजिमेंटमध्ये होते’ एवढ्याने काही कळत नाही. वरचा आकडा कळला की निम्मं काम होतं. ज्या वाचकांच्या कागदावर १०/५ असेल त्यांनी निराश होऊ नये. ती बेळगावची प्रशिक्षणाची पलटण, तिथून पुढे कुठे धाडलं ते खालच्या ओळींत शोधायचं.

‘एम. ई. एफ.’ म्हणजे मिडल ईस्ट फोर्सेस. इजिप्त, लिबिया, पॅलेस्टाइन, सीरिया असा सगळा पसारा त्यात येतो. इतरांच्या कागदांवर ‘सी. एम. एफ.’ दिसेल, ते इटलीकडचं; ‘पायफोर्स’ म्हणजे इराण-इराक; ‘टी. ओ. एस.’ म्हणजे त्या तारखेला पलटणीच्या पटावर घेतलं आणि ‘एस. ओ. एस.’ म्हणजे पटावरून कमी केलं. या शेवटच्या अक्षरांनी एका घरात रडारड झालेली मी पाहिली आहे. जहाज बुडताना मदतीसाठी देतात ती हाक असावी असं त्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात आजोबांची बदली झाली होती.

आता पदकं. तुम्ही तीन लिहिलीत. त्यातली दोन सहा टोकांचे तारे असतील आणि एक गोल, असा माझा अंदाज आहे. ताऱ्याच्या मधोमध राजाची आद्याक्षरं आणि त्याभोवती ताऱ्याचं नावच लिहिलेलं असतं. भिंग धरून वाचा. एक १९३९-४५ स्टार आणि दुसरा आफ्रिका स्टार निघावा. आफ्रिका स्टारची फीत वाळूच्या रंगाची, मधे लाल पट्टा आणि दोन्ही बाजूंना गडद आणि फिकट निळ्या रेघा. वाळू वाळवंटाची, बाकीचे तीन रंग भूदल, नौदल आणि हवाई दलाचे. गोल पदकावर दोन डोक्यांच्या ड्रॅगनवर उभा सिंह असेल, तर तो वॉर मेडल. महायुद्धात २८ दिवस पूर्णवेळ नोकरी केलेल्या प्रत्येकाला तो मिळाला.

या आफ्रिका स्टारवर काय नाही तेही पाहा. उत्तर आफ्रिकेत लढणाऱ्या ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीतल्या पुष्कळ सैनिकांच्या फितीवर त्या आर्मीची पट्टी किंवा ‘८’चा आकडा असतो. आजोबांच्या फितीवर तो नसणार. ती पट्टी २३ ऑक्टोबर १९४२ पासून पुढच्या नोकरीसाठी, म्हणजे इजिप्तमधल्या अल अलामीनच्या लढाईपासून. तेव्हा आजोबांना कैदेत चार महिने झाले होते. कुणी म्हणालं ‘तारा अर्धवट आहे, काहीतरी काढून घेतलंय’, तर हे सांगा. तसंच इटलीत राहून आले तर इटली स्टार का नाही, असाही प्रश्न येतो. तो तारा तिथे लढाईच्या कामावर असलेल्यांना. कैदी म्हणून तिथे असणं त्यात धरलं जात नाही.

पदकांच्या कडेवर आणि ताऱ्यांच्या मागे बोट फिरवून बघा. भारतीय सैनिकांना दिलेल्या पदकांवर नंबर आणि नाव ठोकलेलं पुष्कळदा सापडतं. सापडलं तर कागदावरच्या नंबराशी ताडून घ्या. आणि हात जोडून सांगतो, चिंच किंवा पितांबरी लावून ती लखलखीत करू नका. दसऱ्याला घासून घासून नाव पुसून टाकलेली पदकं मी कितीतरी पाहिलीत. कोरड्या मऊ कापडाने पुसा, बस्स.

आत्याच्या दोन गोष्टी आहेत. त्यातली एक खरी वाटते आणि दुसरी नाही.

आधी सुभाषबाबूंची. आपल्याकडे ‘आझाद हिंद’ म्हटलं की एकच चित्र उभं राहतं, पण युरोपातली फौज वेगळी आणि पूर्वेकडची वेगळी. पूर्वेकडची आझाद हिंद सेना फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या हाती लागलेल्या सैनिकांतून उभी राहिली. तोब्रुकला पकडलेला माणूस तिथे जाणं शक्यच नाही. युरोपात मात्र नेताजी १९४१ ते फेब्रुवारी १९४३ पर्यंत जर्मनीत होते आणि उत्तर आफ्रिकेतल्या भारतीय कैद्यांतूनच त्यांनी सुमारे तीन हजारांची फौज उभारली. तेव्हा आत्याचा तर्क हवेतला नाही. इटालियनांनीही भारतीय कैद्यांची एक छोटी तुकडी करून पाहिली. ती १९४२ सालीच मोडली. पण नेताजींची ती फौज १९४३ मध्ये आधी हॉलंडला आणि मग फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर गेली, आणि तिचे लोक दोस्त राष्ट्रांच्या हाती लागले ते पुढे, युद्धाच्या शेवटाकडे. त्यांना भारतात आणून चौकश्या झाल्या, इंग्रजांशी निष्ठा किती उरली यावरून पांढरे, करडे, काळे अशी प्रतवारी लावली गेली. तुमचे आजोबा मार्च १९४४ मध्ये बेळगावच्या पटावर परत हजर आहेत आणि त्यानंतर दोन वर्षं नोकरी करून ‘व्हेरी गुड’ घेऊन घरी आलेत. तारखाच जुळत नाहीत. आत्याला वाईट वाटेल, पण हे स्पष्ट सांगावं लागेल.

तिला हेही सांगा की फौजेत न गेल्याने आजोबा कमी देशाचे ठरत नाहीत, आणि जे गेले ते गद्दार ठरत नाहीत. कैदेत भुकेल्या पोटी, एकीकडे घेतलेली शपथ आणि दुसरीकडे नेताजींचं बोलावणं, यात विशी-बाविशीतल्या पोरांनी काय निवडलं, याचा निवाडा घरबसल्या आपण करू नये. आजोबांना असं कुणी विचारलं होतं का, हेही हा कागद सांगत नाही.

आता दुसरी गोष्ट, मेंढक्याच्या घरची. ही तुम्ही काश्मीरच्या नावावर टाकून दिलीत, आणि मला मात्र ती सगळ्या ट्रंकेतली सर्वांत मौल्यवान वस्तू वाटते. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या कैद्यांना जहाजांतून इटलीत नेलं. तिथे भारतीयांसाठी जी छावणी विशेष ओळखली जाई ती अब्रुझी प्रांतातल्या अवेझानोची, छावणी क्रमांक ९१. अब्रुझी म्हणजे अपेनाइन डोंगररांगांचा उंच भाग. हिवाळ्यात बर्फ, उन्हाळ्यात मेंढ्यांचे कळप. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची शरणागती जाहीर झाली. जर्मन ताबा घ्यायला पोहोचायच्या आत ठिकठिकाणचे हजारो कैदी छावण्यांतून बाहेर पडले. जे पुन्हा सापडले त्यांची रवानगी जर्मनीला झाली. बाकीचे डोंगरात शिरले, आणि तिथल्या गरीब शेतकऱ्यांनी आणि मेंढपाळांनी त्यांना गोठ्यात, पोटमाळ्यावर, खोपटांत लपवलं. कैद्याला थारा देणाऱ्याला जर्मन गोळी घालत, हे माहीत असूनही.

बर्फातला डोंगर, मेंढक्याचं घर, लपून राहणं : सगळं जागेवर बसतं. सप्टेंबर १९४३ ते मार्च १९४४ हा तुमच्या कागदावरचा कोरा भाग, आणि आत्याची गोष्ट नेमकी त्याच हिवाळ्याची. शिवाय त्या हिवाळ्यात युद्धाची आघाडी त्याच डोंगरांच्या दक्षिणेला साँग्रो नदी आणि कॅसिनो या गावाच्या आसपास अडकलेली होती, आणि साँग्रोकडे लढणाऱ्या ८ व्या भारतीय डिव्हिजनमध्ये १/५ मराठा होती. म्हणजे डोंगर उतरून आघाडी ओलांडणाऱ्या मराठा कैद्याला पलीकडे मराठी बोलणारा पहारेकरी भेटणं अगदी शक्य होतं. तुमच्या आजोबांच्या बाबतीत तसंच घडलं असं मी म्हणत नाही. ते अवेझानोलाच होते की दुसऱ्या छावणीत, हे शोधावं लागेल.

म्हणून आत्याकडे लवकर जा, काकांनाही बरोबर न्या, आणि मोबाइलवर तिचं बोलणं रेकॉर्ड करा. ‘आजोबा कुठे होते?’ असं विचारू नका, उत्तर येणार नाही. त्या घरात किती माणसं होती, आजोबांना काय खायला देत, पायात काय होतं, किती चालले, बरोबर गावाकडचं कुणी होतं का, असं विचारा. कुठलं तरी गावाचं नाव ती मोडकंतोडकं उच्चारेल. तसंच्या तसं लिहून घ्या, सुधारू नका. नकाशावर नंतर बसवता येतं.

फलकाचं म्हणाल, तर कागदाने सिद्ध होतं तेवढंच लिहा आणि ते पुरेसं आहे : नंबर, हुद्दा, नाव, ‘२/५ मराठा लाइट इन्फन्ट्री, तोब्रुक १९४२, इटलीत युद्धकैदी’. ‘आझाद हिंद सेना’ नको, आणि ‘बेपत्ता’ तर मुळीच नको. जो माणूस परत येऊन पुढे पोराबाळांचा झाला त्याला दगडावर कायमचा बेपत्ता कशाला करायचा? नाव कागदावर असेल तसं नव्हे, घरात म्हणतात तसं लिहा. इंग्रज कारकुनांनी पवारांचे पोवार आणि शिंद्यांचे सिंदे केलेत, ते पुढच्या शोधासाठी टिपून ठेवा, फलकासाठी नव्हे.

‘रिडक्शन ऑफ एस्टॅब्लिशमेंट’ म्हणजे सैन्यातली मनुष्यबळाची कपात, त्याने घाबरायचं कारण नाही. युद्ध संपताना भारतीय लष्कर २५ लाखांवर गेलेलं होतं. १९४५ ते ४७ मध्ये लाखो लोकांना घरी पाठवलं, त्यातले तुमचे आजोबा एक. शिक्षा म्हणून काढलं असतं तर शब्द निराळे असते. कॅरेक्टरच्या उतरंडीत ‘एक्झेम्प्लरी’ सर्वांत वर, मग ‘व्हेरी गुड’, मग ‘गुड’ आणि खाली खाली. तेव्हा दुसरा क्रमांक आहे, काकांना तेवढं ठासून सांगा.

पुढचा शोध बेळगावहून सुरू होतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस आजही तिथेच आहे. पत्रात नंबर आधी लिहा. त्या काळी नंबर रेजिमेंटपुरते असत, म्हणून नंबर आणि रेजिमेंट दोन्ही हवेत. मग हुद्दा, नाव, आजोबांच्या वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, भरती आणि डिस्चार्जची तारीख, आणि तुमचं नातं दाखवणारा पुरावा. डिस्चार्जच्या कागदाची झेरॉक्स जोडा, मूळ कागद कुणालाही देऊ नका. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो : पेन्शन नसलेल्या सैनिकांची सेवेची कागदपत्रं ठरावीक २५ वर्षांनी नष्ट करतात. त्यामुळे ‘सर्व्हिस रेकॉर्ड द्या’ एवढंच लिहिलंत तर ‘नष्ट केले’ असं एका ओळीचं उत्तर येईल आणि लोक तिथेच थांबतात. तुम्ही ‘लाँग रोलमधील नोंदीचा उतारा’ मागा. लाँग रोल म्हणजे सगळ्यांच्या नावांचं कायमचं रजिस्टर. ते ठेवलेलं असतं. साध्या पत्राला उत्तर आलं नाही तर दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून माहिती अधिकारात अर्ज करा, शब्द तेच ठेवा.

दुसरी जागा साताऱ्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. महायुद्धात नोकरी केलेल्या पण पेन्शन नसलेल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार दरमहा मदत देतं. आजोबांनी किंवा आजीने कधी अर्ज केला असेल तर तिथे फाइल असेल, आणि फाइलमध्ये आता तुमच्याकडे नसलेल्या कागदाची नक्कलही असू शकते.

पलटणीचं रोजचं काय चाललं होतं ते हवं असेल तर युद्ध-डायऱ्या लंडनजवळ क्यू इथल्या ब्रिटिश नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. मध्यपूर्वेतल्या तुकड्या ‘डब्ल्यू. ओ. १६९’ या मालिकेत, इटलीतल्या ‘१७०’मध्ये, ब्रह्मदेशाकडच्या ‘१७२’मध्ये. त्यात शिपायाचं नाव क्वचितच येतं. तुकडी कुठे होती, पाऊस होता का, पाणी मिळालं का, हे येतं. अख्खी पलटणच पकडली गेली तेव्हा त्या महिन्याची डायरी सापडेलच असं नाही, म्हणून ११ व्या भारतीय ब्रिगेडचे कागदही मागा. परदेशात कुणी भाचा-पुतण्या असेल तर त्याला कामाला लावा. कैदेची छावणी कळायला जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडे विचारता येतं. ते अर्ज ठरावीक काळातच आणि मर्यादित संख्येने घेतात, तेव्हा त्यांच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवावं लागेल.

आणि ते पंधरा हजारवाले गृहस्थ. त्यांना एक पैसाही देऊ नका, आणि कागदांचे फोटोसुद्धा देऊ नका. आजोबांची नोकरी सात वर्षांची. शिपायाला सेवा-पेन्शन लागायला पंधरा वर्षं लागत. कैदेतला पगार साठत असे हे खरं, पण त्याचा हिशेब माणूस परत आल्यावर आणि डिस्चार्जच्या वेळी पुरा होई. राज्याची मदत सैनिकाला आणि विधवेला आहे, नातवंडांना नाही. लंडनमध्ये तुमच्या नावाची थैली पडून आहे असं सांगणारा माणूस गावातल्या आणखी चार घरी हेच सांगत असणार. सरपंचांच्या कानावर घाला.

कागदांचं लॅमिनेशन करू नका, घड्यांवर सेलोटेप लावू नका. दिवसाच्या उजेडात, ऊन थेट पडणार नाही असं पाहून, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागची बाजू लोक विसरतात आणि वारसाची नोंद किंवा घरी पाठवायच्या रकमेचा आकडा पुष्कळदा तिथेच असतो. तुमच्या पत्रात मागच्या बाजूबद्दल काहीच नाही. ती वाचून, जमेल तसं अक्षर लावून मला कळवा.